कराच्या पैशाचा वाडा

व्हिएन्नाच्या उत्तर अंगाला, द्राक्षमळ्यांनी भरलेल्या टेकड्या जेथे शहराला येऊन भिडतात तेथे, हायलिगनश्टाट नावाचे एक जुने खेडे आता शहराच्या पोटात सामावून गेले आहे. संगीताचे उपासक तेथे जातात ते बेथोव्हेनसाठी. वाढत्या बहिरेपणाने हताश झालेल्या त्या महापुरुषाने १८०२ साली आपल्या भावांना उद्देशून लिहिलेले आणि कधीही न धाडलेले ते विख्यात पत्र याच गावचे. नोकरीनिमित्त या शहरात स्थिरावलेल्या माझ्या भाचीला मी तिकडे जाण्याचा मनोदय सांगितला तेव्हा तिचाही तोच समज झाला; पण मला पाहावयाची होती ती स्टेशनाच्या दारातून बाहेर पाऊल टाकताच समोर, दृष्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली, नगरपालिकेने आपल्या कष्टकरी नागरिकांसाठी १९२७ ते १९३० या काळात बांधलेली आणि कार्ल मार्क्सचे नाव धारण करणारी वसाहत, कार्ल मार्क्स-होफ.

ही इमारत एका नजरेत मावत नाही. तिची लांबी सुमारे ११०० मीटर आहे, आणि ट्रामचे चार थांबे मागे टाकल्याखेरीज तिचे दुसरे टोक हाती लागत नाही. एवढ्या लांबीची सलग भिंत कोणत्याही गावाला कोंडून टाकू शकली असती. परंतु ओटो वाग्नर या थोर वास्तुशिल्पज्ञाचे शिष्य आणि नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात नोकरीला असलेले कार्ल एन यांनी तिला ठायी ठायी असे उघडले आहे की, आपण भिंतीजवळून चाललो आहोत याऐवजी एकामागून एक महाद्वारांसमोरून चाललो आहोत अशीच भावना होते. मध्यभागी इमारत रस्त्यापासून मागे सरते आणि पुढ्यात हिरवळीचे एक प्रशस्त अंगण सोडते. तांबड्या आणि पिवळसर रंगांच्या भिंतींतून बुरुजासारखे मनोरे वर चढतात, प्रत्येकाच्या माथ्यावर ध्वजदंड उभा असतो, आणि मनोऱ्यांच्या मध्ये दुमजली उंचीच्या अर्धवर्तुळाकार कमानी आरपार आकाश दाखवितात. कमानींच्या वर योझेफ फ्रान्झ रीडल या शिल्पकाराने घडविलेल्या चार मृण्मय आकृती बसविल्या आहेत: स्वातंत्र्य, लोककल्याण, प्रबोधन आणि शरीरसंवर्धन. सम्राट, सेनापती आणि संत यांच्या पुतळ्यांनी गजबजलेल्या या राजधानीत, रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या घराच्या दारावर शिल्पकाराचा हात फिरावा आणि त्याचा मेहनताना नगरपालिकेच्या तिजोरीतून निघावा, हा त्या काळी साधा निर्णय नव्हता. घरांची टंचाई असताना कमानी आणि शिल्पे कशाला, तेवढ्या पैशात आणखी चार खोल्या झाल्या नसत्या काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. मला त्या प्रश्नाचे उत्तर कमानीतून आत गेल्यावर मिळाले.

आत आहे ती मोकळी जागा. एकूण सुमारे १,५६,००० चौरस मीटर जमिनीपैकी पाचव्या हिश्श्याहूनही कमी जमिनीवर बांधकाम आहे. उरलेली सारी भूमी बागांना, खेळाच्या जागांना आणि पायवाटांना दिलेली आहे. जमिनीचा भाव ठाऊक असलेल्या कोणाही मुंबईकराला हे प्रमाण ऐकून क्षणभर भोवळ यावी. घराघरांत शिरण्याचे दरवाजे रस्त्याच्या बाजूला नसून या अंगणांत आहेत, त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक जण, मग तो भाजीची पिशवी घेऊन परतणारा वृद्ध असो की शाळा सुटलेले पोर असो, आधी झाडांखालून जातो आणि मग जिन्याशी पोहोचतो. प्रत्येक जिन्याला स्वतःचा क्रमांक आहे, आणि एका जिन्यावर मोजकीच बिऱ्हाडे. लांबच लांब, दोन्ही बाजूंनी दारे असलेला अंधारा बोळ येथे कोठेही नाही. तो नसावा अशी नगरपालिकेची पहिल्यापासूनच अट होती, कारण तो बोळ म्हणजे काय हे व्हिएन्नाच्या कामगाराला पुरते ठाऊक होते.

पहिल्या महायुद्धापूर्वीचे व्हिएन्ना म्हणजे नाचगाण्यांचे आणि राजवाड्यांचे शहर ही जी प्रतिमा आपल्याकडे रूढ आहे, तिच्या पाठीमागे भाड्याच्या बराकींचे दुसरे एक व्हिएन्ना दडलेले होते. एक खोली आणि एक स्वयंपाकघर, स्वयंपाकघराची खिडकी बोळात उघडणारी, पाण्याचा नळ बोळात साऱ्या मजल्याला मिळून एक, शौचकूपही सामाईक. आणि एवढ्यातही भाडे भागत नसे म्हणून खाटेवरची जागा तासांच्या हिशेबाने परक्या माणसाला द्यावयाची. रात्रपाळीचा कामगार दिवसा ज्या खाटेवर निजे, तीच खाट रात्री घरच्या मुलांची. क्षयाचा एवढा सुळसुळाट होता की युरोपात त्या व्याधीला या शहराचेच नाव पडले होते. बोळातल्या त्या नळाला तेथे ‘बासेना’ म्हणतात. नळाभोवतीची भांडणे, उखाळ्यापाखाळ्या आणि प्रसंगी एकमेकींच्या लेकरांना दिलेला आधार, हे सारे वर्णन भाचीच्या तोंडून ऐकताना मला गिरगाव-परळच्या नळांवरच्या हंड्याकळशांची रांग दिसू लागली.

युद्ध संपले, साम्राज्य कोसळले, आणि १९१९ च्या मे महिन्यातील निवडणुकीत स्त्रीपुरुष सर्वांना मतदानाचा हक्क मिळालेल्या शहराने नगरपालिकेची सूत्रे समाजवादी लोकशाही पक्षाच्या हाती दिली. १९२२ च्या आरंभी व्हिएन्ना हा स्वतंत्र प्रांत ठरला आणि स्वतःचे कर बसविण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला. या अधिकाराचा उपयोग ज्यांनी केला ते हूगो ब्राइटनर पूर्वाश्रमीचे बँकेतले अधिकारी होते, आणि जमाखर्चाची वही हे राज्यकारभाराचे किती सामर्थ्यवान साधन होऊ शकते हे त्यांच्याइतके स्पष्टपणे फार थोड्यांनी दाखविले असेल. शर्यतीचे घोडे, मोटारी, शँपेन, करमणुकीचे जलसे, पदरी ठेवलेले नोकरचाकर या सर्वांवर त्यांनी कर बसविला. नोकर एक असेल तर माफी, पुढे संख्या वाढेल तसा कराचा दर चढता. १९२३ साली त्यांनी घरबांधणीचा कर लागू केला. तो प्रत्येक भाडेकरूला होता. गरिबाच्या खोलीवर नाममात्र, आणि प्रासादतुल्य निवासांवर इतका जबर की मूठभर धनिकांच्या घरांनीच वसुलीचा फार मोठा वाटा उचलला. युद्धकाळापासून गोठविलेल्या भाड्यांमुळे खाजगी घरमालकांना इमारती बांधण्यात स्वारस्य उरले नव्हते, जमिनीचे भाव उतरले होते, आणि नगरपालिकेने ती जमीन एकामागून एक खरेदी केली. त्याच वर्षी पाच वर्षांत २५,००० घरे बांधण्याचा ठराव झाला. मुदतीपूर्वीच तो पुरा झाला, आणि १९३४ पर्यंत ही संख्या ६०,००० च्या वर गेली. कर्ज न काढता, व्याजाचा बोजा भाड्यावर न टाकता, चालू महसुलातून ही घरे उभी राहिली, त्यामुळे भाडे केवळ देखभालीपुरते ठेवता आले; कामगाराच्या मिळकतीचा अगदी लहान अंश त्यात जाई.

त्या काळातल्या या घरांच्या दर्शनी भिंतींवर ठळक तांबड्या अक्षरांत एक मजकूर आढळतो: अमुक ते अमुक साली व्हिएन्नाच्या नगरपालिकेने घरबांधणीच्या करातून ही इमारत बांधली. कोणा महाराजांच्या कृपेने नव्हे, कोणा शेठजींच्या दानधर्मातून नव्हे, मंत्र्यांच्या शुभहस्ते नव्हे. आपल्याकडे कोनशिलेवर माणसाचे नाव कोरण्याची चाल आहे. येथे पैसा कोणत्या खात्यातून आला ते कोरले आहे. मी त्या अक्षरांसमोर बराच वेळ उभा होतो. घरात राहणाऱ्याने कोणाचे उपकार मानण्याचे कारण नाही, त्याने आणि त्याच्या शहराने मिळून हे घर बांधले आहे, असे सांगणारी ती ओळ प्रत्येक मूल शाळेत जाताना वाचते आणि त्याच्या ताठ मानेचा काही अंश तिच्यातून येत असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हिंदुस्थानातल्या माणसांनी हे पूर्वी पाहिले नव्हते असे नाही. १९३३ साली औषधोपचारासाठी सुभाषचंद्र बोस व्हिएन्नात आले होते, आणि मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले विठ्ठलभाई पटेलही त्याच काळात येथे उपचार घेत होते. दोघांनाही नगरकारभाराचा प्रत्यक्ष अनुभव. सुभाषबाबू तर कलकत्त्याचे महापौर राहिलेले. त्यांनी व्हिएन्नाच्या नगरपालिकेच्या या कामाची माहिती आस्थेने मिळविली. त्याच सालच्या ऑक्टोबरात जिनिव्हाजवळ विठ्ठलभाईंचा अंत झाला. मुंबईला परतून त्यांना आपल्या महापालिकेपुढे या घरांची हकिकत मांडता आली असती तर काय झाले असते, हा विचार मनातून हटत नाही.

अंगणातल्या एका बाकावर बसलेल्या आजीबाईंशी भाचीने जर्मनमध्ये बोलणे काढले. त्या येथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या. आम्ही मुंबईहून आलो आहोत आणि इमारत पाहण्यासाठीच आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी प्रथम आमच्याकडे निरखून पाहिले आणि मग, बाहेरून काय पाहता, असे म्हणून आम्हाला वर नेले. जिना रुंद, प्रत्येक वळणावर खिडकी, पायऱ्यांच्या कडा पावलांनी झिजून किंचित खोलगट झालेल्या. घर मात्र लहान. या वसाहतीतली घरे मुळात ३० ते ६० चौरस मीटरांची. दारातच एक छोटी ओसरीवजा जागा, तिला लागून शौचालय, मग स्वयंपाकघर, त्यापलीकडे एखाद-दुसरी खोली आणि बाहेर झुकणारा सज्जा. घरात नळ होता, गॅस होता, पण स्नानगृह नव्हते. ते पुढे काढले. आजीबाईंच्या घरी स्वयंपाकघराचा एक कोपरा त्यासाठी खर्ची पडला होता. खिडक्यांना दुहेरी तावदाने होती, मधली वीतभर जागा हिवाळ्यात थंडी अडविणारी आणि एरवी लोणच्याच्या बरण्या ठेवण्याच्या कामी येणारी. काकड्यांचे लोणचे होते ते. एक बरणी उचलून त्यांनी उजेडाकडे धरली, आतील शेपूच्या काड्या भाचीला दाखविल्या आणि यंदा मीठ जरा जास्त झाले आहे असे सांगितले. सज्जात जिरेनियमची तांबडी फुले, आणि खाली एका मोठ्या झाडाचा शेंडा हाताला लागेल इतका जवळ. त्यांच्या आईने हे घर मिळाले तेव्हा पहिली गोष्ट कोणती केली असेल, असे मी विचारविले. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले: दाराला आतून कडी लावली. साऱ्या आयुष्यात प्रथमच घरचीच माणसे घरात होती.

खाली उतरल्यावर त्यांनी आम्हाला धुलाईघर दाखविले. मूळ आराखड्यात या वसाहतीला १३८२ घरे होती आणि सुमारे ५००० माणसांची वस्ती. तिच्यासाठी दोन धुलाईघरे, दोन स्नानगृहे, बालवाड्या, दातांचा दवाखाना, बाळंतिणींसाठी सल्लाकेंद्र, वाचनालय, औषधालय, टपाल कचेरी आणि २५ दुकाने अशी तजवीज केलेली होती. यांपैकी धुलाईघर हे मला साऱ्या योजनेचे मर्मस्थान वाटले. व्हिएन्नाच्या हिवाळ्यात कपडे घरात वाळवावयाचे म्हणजे एकाच खोलीत ओलावा, वाफ आणि खोकणारी मुले. तेव्हा यंत्रे, उकळते पाणी आणि गरम हवेची वाळवणीची कपाटे एके ठिकाणी आणून प्रत्येक घरच्या बाईला ठराविक पाळीचा दिवस नेमून दिला, की दोन दिवसांचे कंबर मोडणारे काम काही तासांवर येते. या कामासाठी नियम कडक होते. पुरुषांना आणि मुलांना आत मज्जाव असे, वेळ चुकली तर पाळी गेली, देखरेखीला कारकून असे. आजच्या वाचकाला हे जाचक वाटेल, आणि स्त्रीचे काम हलके करताना ते स्त्रीचेच काम आहे हे गृहीत धरल्याचा दोष त्यात निःसंशय आहे. त्याच नगरपालिकेने युलियस टांडलर या वैद्यकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९२७ पासून शहरात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला दुपटी-झबल्यांची एक पेटी भेट देण्याची प्रथा सुरू केली. नवजात अर्भक वर्तमानपत्रात गुंडाळण्याची पाळी कोणत्याही आईवर येऊ नये, एवढाच त्यातला हेतू. तो हेतू पाळणारी नगरपालिका बायांच्या वेळेचे मोलही जाणत होती, असे मी मानतो. एका धुलाईघरात आता त्या कालखंडाचे लहानसे वस्तुसंग्रहालय आहे. तेथल्या जुन्या छायाचित्रांत बाह्या सारलेल्या, घामेजलेल्या, पण हसणाऱ्या बायका पाहताना भाची म्हणाली, “मामा, ह्या आपल्याच वाटतात हो.”

आपल्या म्हणजे कोण, हे मला सांगावे लागले नाही. माझ्या आत्याचे बिऱ्हाड वरळीच्या बीडीडी चाळीत होते. व्हिएन्नात हे घडत होते त्याच दशकात मुंबईतही सरकारने कामगारांसाठी घरे बांधली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानीत १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने, म्हणजेच बीडीडीने, वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता, झाल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. तेथेही खास कर होता. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया. म्हणजे शहराला कर बसविता येतो, त्यातून मजुरासाठी घर बांधता येते, इथपर्यंत दोन्ही शहरांची वाट एकच. पुढे ती फुटते. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर मधोमध बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा दहा खोल्या, एका चाळीत ऐंशी, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. व्हिएन्नाने जो बोळ मोडून टाकला तोच मुंबईत सिमेंट-काँक्रीटमध्ये पक्का ओतला गेला. आरंभी या चाळींत राहण्यास माणसे येईनात, खोल्या रिकाम्या पडल्या, आणि १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करताना सरकारला इमारतीत फारसा फेरफार करावा लागला नसावा.

हा फरक केवळ पैशाचा नव्हता. मला वाटते, खरा फरक मतपत्रिकेचा होता. व्हिएन्नातला गवंडी आणि त्याची बायको हे दोघेही नगरपालिकेचे मतदार होते. मुंबईतला गिरणी कामगार हा विकास खात्याच्या लेखी कोठेतरी ठेवावयाचा मनुष्यबळाचा साठा होता, आणि त्या खात्याला त्याच्यापुढे कैफियत द्यावी लागत नव्हती. एकाने विचारले, नागरिकाला काय लागते? दुसऱ्याने विचारले, मजुराला कमीत कमी किती जागेत ठेवता येईल? दोन्ही इमारती आपापल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आहेत. त्या १६० चौरस फुटांत माणसांनी पुढे जे जग उभे केले, ज्या बोळात कोणत्याही खोलीचे दार दिवसा बंद नसे, ज्या बोळात माझ्या आत्याच्या आजारपणात शेजारच्या बायकांनी महिनाभर आमची चूल पेटती ठेवली, त्याचे श्रेय माणसांचे आहे, वास्तूचे नव्हे. चाळीच्या प्रेमळ आठवणींनी डोळे पाणावणाऱ्या आपल्या साहित्याने हा भेद पुरेसा केलेला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. वरळीला आता ४० मजली मनोरे उभे राहत आहेत, २०२५ साली पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि घरात स्वतःचा नळ व स्वतःचे शौचालय मिळाल्याचा त्यांचा आनंद मला सर्वस्वी न्याय्य वाटतो. परंतु त्या घरांचा खर्च त्याच जमिनीवरील काही घरे बाजारात विकून निघावयाचा आहे; म्हणजे व्हिएन्नाने जी मोकळी जमीन राखली, तीच येथे भांडवल झाली.

या भिंतींनी सुखच पाहिले असे नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात यादवी पेटली, डोलफुस सरकारच्या सैन्याने या वसाहतीवर तोफा डागल्या, आतून कामगारांच्या संरक्षक दलाने काही दिवस प्रतिकार केला आणि मग शरणागती आली. महापौर कार्ल झाइट्स यांना अटक झाली, मार्क्सचे नाव भिंतीवरून उतरले, ते युद्धानंतरच परत आले. मधल्या अंगणासमोरच्या चौकाला आज १२ फेब्रुवारीचे नाव आहे. आणि १९३८ साली नाझी अंमल आल्यावर नगरपालिकेच्या घरांतून ज्यू कुटुंबांना हुसकून लावले गेले. ज्या नगरपालिकेने कडी लावता येईल असे दार दिले, तिच्याच दप्तरातून त्या दाराबाहेर काढण्याचे हुकूम निघाले. त्यांच्या स्मरणार्थ येथे फलक आहे. त्या फलकापाशी मला कळले की घर सरकारी असणे एवढ्याने माणूस सुरक्षित होत नाही. वहीतले नाव कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून असते.

दुपार टळली तशी अंगणे भरू लागली. तुर्की, सर्बियन, अरबी आणि व्हिएन्नाची ती ओढून बोललेली जर्मन, अशा अनेक भाषा एकाच वेळी कानी पडत होत्या. कोणी कुत्र्याला फिरवीत होते, दोन मुली खडूने जमिनीवर आपल्या लंगडीसारखी घरे आखत होत्या. फलकावर चेंडू खेळण्यास मनाई असल्याचा हुकूम होता आणि त्याच फलकाला चेंडू आपटत दोन मुलगे खेळत होते. आजीबाईंनी त्यांना हाक मारली ती दटावण्यासाठी नव्हे, तर एकाच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणून. पूर्वी प्रत्येक इमारतीला जिन्याशेजारी राहणारा एक रखवालदार असे, त्याला सगळ्यांची सगळी माहिती असे, असे त्या म्हणाल्या. २००० सालानंतर कायदा बदलला, नव्या नेमणुका थांबल्या, झाडलोटीला बाहेरची माणसे येऊ लागली. स्वच्छतेत कसूर नाही, पण कोणाच्या सज्जातली फुले चार दिवस सुकलेली आहेत हे आता कोणाच्या लक्षात येत नाही, ही त्यांची खंत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी आहे, आणि इतकी सुरेख अंगणे असूनही दारामागचे एकटेपण अंगणाला भेदता येत नाही, हे त्यांच्या बोलण्यावरून मला जाणवले.

व्हिएन्ना नगरपालिकेच्या मालकीची आज सुमारे २,२०,००० घरे आहेत आणि शहरातला जवळजवळ दर चौथा माणूस त्यांत राहतो. उत्पन्नाची मर्यादा मुद्दाम सढळ ठेवलेली आहे, त्यामुळे शिक्षक, परिचारिका, ट्रामचालक, लेखनिक आणि बेकार असे सारे एकाच जिन्यावर भेटतात. ‘सरकारी घरातला’ ही शिवी या शहरात फारशी रुजली नाही, याचे कारण हेच असावे. तरीही २००४ नंतर नगरपालिकेने स्वतः बांधणे थांबविले होते आणि काम अनुदानावर चालणाऱ्या संस्थांकडे सोपविले होते. घरभाडी चढू लागली, तरुण कुटुंबांची ओढाताण वाढली, तेव्हा तिने पुन्हा हात घातला. फावोरिटन भागात बार्बारा प्रामर यांच्या नावाची १२० घरांची इमारत २०१९ साली तयार झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती पाहिली. तिच्यात कमान नाही, शिल्प नाही, ठाकठीक आणि किंचित नीरस अशी आजची इमारत आहे ती, आणि कार्ल एनच्या महाद्वारानंतर तिच्याकडे पाहताना मन थोडे खट्टू झाले. पण अनामत नाही, दलाली नाही, कराराला मुदत नाही, आणि भाडे आरंभी चौरस मीटरला साडेसात युरो या दराने ठरविलेले. भाचीच्या पगाराचा तिसरा हिस्सा खाजगी मालकाच्या भाड्यात जातो. तिने ते आकडे दोनदा वाचले. त्याच रात्री तिने नगरपालिकेच्या गृहखात्याकडे आपला अर्ज भरला. दोन वर्षांचा सलग रहिवास तिच्याकडे होता, दीर्घ वास्तव्याचा परवानाही होता, उत्पन्नाची मर्यादा आड येत नव्हती. यादीत आपल्यापुढे किती नावे आहेत हे तिला ठाऊक नव्हते, पण यादी आहे आणि ती नियमाने पुढे सरकते, एवढ्यावर ती वाट पाहण्यास तयार होती.